डाग दातांवरचा, प्रश्न बुद्धीचा

पूर्व विदर्भातल्या एका गावी पाण्याचे नमुने गोळा करायला आम्ही गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. शाळेच्या आवारातल्या हातपंपाचे पाणी बाटलीत भरून झाले होते. बाटलीवर चिठ्ठी चिकटवत असताना शाळेतले गुरुजी जवळ आले. पाचवी-सहावीची काही मुले भोवती उभी होतीच. त्यांतल्या कित्येकांच्या पुढच्या दातांवर खडूने ओढल्यासारखे पांढरे पट्टे होते, काहींच्या दातांवर तपकिरी डाग. मुलांना वर्गात पिटाळून गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "साहेब, दात असे होतात ते पाण्यामुळं, हे आम्हांला ठाऊक आहे. पण मध्ये पेपरात वाचलं, की या पाण्यानं मुलांची बुद्धीही कमी होते. खरं आहे का हो? माझ्या वर्गातली ही मुलं गणितात मागं आहेत, ती यामुळंच का?"

त्या दिवशी आम्ही गुरुजींना नीट उत्तर देऊ शकलो नाही. 'संशोधन चालू आहे' असे काहीतरी म्हणून वेळ मारून नेली. परतीच्या वाटेवर मात्र लक्षात आले, की गुरुजींनी एक नव्हे, दोन प्रश्न विचारले होते. जास्त फ्लोराइड असलेल्या पाण्याचा मुलांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होतो का, हा पहिला. आणि समोर बसलेला हा मुलगा त्यामुळेच मागे आहे का, हा दुसरा. दोन्ही प्रश्न सारखे वाटतात, पण त्यांची उत्तरे सारखी नाहीत. ती का सारखी नाहीत हे समजून घ्यायचे तर सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहावा लागतो. त्या इतिहासात एकच पदार्थ आधी दातांचा, मग हाडांचा आणि शेवटी मेंदूचा प्रश्न बनला.

कोलोरॅडोचे तपकिरी दात

सन १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी व्यवसायासाठी आला. तिथल्या कित्येक लोकांचे दात तपकिरी होते, काहींचे तर चॉकलेटच्या रंगाचे. गावकऱ्यांना याचे फारसे नवल नव्हते. कोणी म्हणे डुकराचे मांस फार खाल्ल्याने असे होते, कोणी दुधाला दोष देई. मॅकेला मात्र चैन पडेना. त्याने त्या काळचे नामवंत दंतशास्त्रज्ञ जी. व्ही. ब्लॅक यांना पत्रे लिहून या कामात ओढले. १९०९ पासून ब्लॅक यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९१५ पर्यंत, दोघांनी मिळून हा विषय अभ्यासला.

या अभ्यासातून दोन गोष्टी कळल्या. पहिली म्हणजे हे डाग दात तयार होत असतानाच पडतात. कायमचे दात आलेला प्रौढ माणूस नंतर त्या गावी राहायला आला, तर त्याला काही होत नाही. दुसरी गोष्ट चकित करणारी होती. हे कुरूप दिसणारे दात सहसा किडत नव्हते.

मॅकेचा संशय पाण्यावर होता. १९२३ मध्ये आयडाहो राज्यातल्या ओकली या गावातून त्याला बोलावणे आले. तिथे काही मैलांवरच्या गरम पाण्याच्या झऱ्यातून नळ टाकल्यानंतर मुलांच्या दातांवर डाग दिसू लागले होते. मॅकेने पाण्याचे रासायनिक परीक्षण करून घेतले, पण त्यात काही वावगे सापडले नाही. तरीही त्याने तो नळ सोडून दुसरा झरा वापरायला सांगितले. गावाने ऐकले. काही वर्षांनी धाकट्या मुलांना स्वच्छ दात आले. कारण हाती नसतानाही उपाय लागू पडला होता!

कारण सापडले ते एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत. अर्कान्सास राज्यातल्या बॉक्साइट या गावी अॅल्युमिनियमचे खनिज निघे, आणि तिथल्या मुलांच्या दातांवर तसेच डाग होते. त्या काळी अॅल्युमिनियमची भांडी विषारी असल्याची आवई उठलेली होती. आता दातांचा दोषही आपल्या धातूवर येणार, या काळजीने अॅल्युमिनियम कंपनीचे मुख्य रसायनज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी त्या गावाचे पाणी वर्णपटाच्या पद्धतीने तपासले. त्यात लिटरमागे सुमारे १३.७ मिलिग्रॅम फ्लोराइड निघाले. पाण्यात फ्लोराइड असेल अशी तोवर कोणाला शंकाही आली नसल्याने आधी कोणी ते शोधलेच नव्हते. चर्चिल यांनी १९३१ च्या जानेवारीत मॅकेला पत्राने हे कळवले. त्याच वर्षी अॅरिझोना विद्यापीठात मार्गारेट कॅमॅक स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करून फ्लोराइडमुळेच असे डाग पडतात, हे दाखवून दिले.

मॅके गावात आल्यापासून उत्तर मिळेपर्यंत तीस वर्षे गेली. आपल्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट जरूर सांगावी. जे शोधायचे असते त्याचीच चाचणी आपण करतो, आणि ज्याची चाचणी केली नाही ते 'नाही' असे धरून चालतो. हीच चूक पुढे आणखी एकदा झालेली आपल्याला दिसेल.

दहा लाखांत एक भाग

यानंतर अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने एच. ट्रेंडली डीन या दंतवैद्याला या कामावर नेमले. डीन यांनी गावोगावचे पाणी आणि मुलांचे दात यांचा मेळ घातला. त्यांना असे आढळले, की लिटरमागे साधारण १ मिलिग्रॅम, म्हणजे दहा लाखांत एक भाग, फ्लोराइड असेल तर ठळक डाग पडत नाहीत आणि दात किडण्याचे प्रमाण मात्र बरेच कमी होते. मग जिथे पाण्यात फ्लोराइड कमी आहे तिथे ते मिसळले तर? २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली. असे करणारे ते जगातले पहिले शहर. त्यानंतर जन्मलेल्या मुलांमध्ये अकरा वर्षांनी दात किडण्याचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटलेले दिसले. पाहता पाहता ही पद्धत अमेरिकाभर आणि इतर काही देशांत पसरली. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट घरोघर पोचल्यावर मात्र पाण्यातून मिळणारा हा फायदा पूर्वीइतका मोठा उरला नाही.

डीन यांचा प्रश्न दातांपुरता होता. १ मिलिग्रॅम हा आकडा दात पाहून ठरला. मेंदूवर परिणाम होतो का, हे त्या वेळी कोणी तपासले नव्हते, कारण तशी शंका कोणाच्या मनात नव्हती. मॅकेच्या पाण्यातल्या फ्लोराइडसारखीच ही गोष्ट झाली.

नेल्लोरच्या विहिरी

अमेरिकेत पाण्यात फ्लोराइड घालण्याचा विचार मूळ धरत होता, त्याच सुमारास आपल्याकडे त्याचे दुसरेच रूप समोर आले. १९३७ मध्ये मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातील एका विकाराचे वर्णन एच. ई. शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. सहकाऱ्यांमध्ये चिंतामण गोविंद पंडित होते, तेच पुढे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे पहिले संचालक झाले. नेल्लोरच्या या गावांतल्या माणसांचे दात तर डागाळलेले होतेच. शिवाय वय वाढत जाई तसे सांधे आखडत, पाठीचा कणा ताठ होई, आणि शेवटी माणूस वाकून जागच्या जागी बसे. कारण होते विहिरीच्या पाण्यातले फ्लोराइड.

असे का होते? आपले दात आणि हाडे मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या एका स्फटिकमय संयुगाची बनलेली असतात. फ्लोराइडला कॅल्शियमची ओढ फार. शरीरात गेलेल्या फ्लोराइडचा बराच भाग लघवीवाटे बाहेर पडतो, उरलेला हाडांत जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षे साठत राहतो.

पुढची यादी लांबत गेली. १९५५ मध्ये ए. एच. सिद्दिकी यांनी नलगोंडा जिल्ह्यातल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. १९७३ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी तिथल्याच मुलांचे पाय गुडघ्यात आत वळत असल्याचे दाखवले. १९७५ च्या सुमारास नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून पाण्यातले फ्लोराइड कमी करण्याची सोपी रीत तयार केली. ती 'नलगोंडा पद्धत' या नावाने ओळखली जाते.

हे फ्लोराइड कारखान्यातून आलेले नाही, ते खडकातून आलेले आहे. ग्रॅनाइट आणि नाइस या जुन्या खडकांत फ्लोराइट, अॅपटाइट, अभ्रक अशी फ्लोरिनयुक्त खनिजे असतात. भूजलात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला धरून खाली बसवते. कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट जास्त असेल तर फ्लोराइड पाण्यात विरघळलेलेच राहते. महाराष्ट्राचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या बसाल्टवर वसलेला असल्याने तिथे हा त्रास कमी. पण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडमधला किनवटचा भाग इथे खडक बदलतो आणि पाणीही बदलते.

यात एक दुर्दैवी योगायोगही आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव विंधनविहिरी खोदल्या गेल्या. हेतू चांगला होता. उघड्या विहिरीच्या पाण्याने कॉलरा, विषमज्वर, नारू होत, त्यातून माणसे सुटली. पण पाणी जितक्या खोलवरून येते आणि खडकाच्या जितका जास्त काळ संपर्कात राहते, तितके त्यात फ्लोराइड जास्त असण्याची शक्यता वाढते. जंतूंसाठी तपासलेले पाणी फ्लोराइडसाठी तपासलेले असतेच असे नाही.

प्रश्न मेंदूकडे वळतो

मेंदूचा प्रश्न फ्लोराइडच्या आधी शिशाच्या निमित्ताने उभा राहिला. १९७९ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट नीडलमन यांनी पहिली-दुसरीतल्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले आणि त्यांतले शिसे मोजले. त्याच बरोबर दोन हजारांहून अधिक मुलांचे वर्गातले वागणे कसे आहे, हे त्यांच्या शिक्षकांकडून लिहून घेतले. मूल लक्ष देते का, सांगितलेले ध्यानात ठेवते का, असे साधे प्रश्न होते. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्यांचा बुद्ध्यंक सरासरीने काही गुणांनी कमी आढळला, आणि शिक्षकांच्या नोंदींतही तोच कल दिसला. ही मुले आजारी नव्हती, अंगावर विषबाधेची कोणतीही खूण नव्हती. मूल निरोगी दिसत असतानाही एखादे द्रव्य त्याच्या शिकण्यावर परिणाम करू शकते, ही कल्पना यातून रुजली.

चीनमध्ये फ्लोराइडचा त्रास फार मोठ्या भागात आहे. काही ठिकाणी तो पाण्यातून येतो. ग्वेइझोसारख्या प्रांतात तो धुरातून येई, कारण तिथे धुराडे नसलेल्या चुलीत कोळसा जाळून त्यावर मका आणि मिरच्या वाळवत. १९८० नंतरच्या दशकांत तिथल्या संशोधकांनी अशा गावांतल्या मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या घ्यायला सुरुवात केली.

त्यांतला एक अभ्यास जरा सविस्तर पाहू. २००३ मध्ये जिआंग्सू प्रांतातल्या दोन खेड्यांची तुलना प्रसिद्ध झाली. वामियाओ खेड्याच्या पाण्यात सरासरीने लिटरमागे २.४७ मिलिग्रॅम फ्लोराइड होते, तर शिन्हुआई खेड्याच्या पाण्यात ०.३६. दोन्हींकडची मिळून ८ ते १३ वर्षांची ५१२ मुले तपासली गेली. शिन्हुआईचा सरासरी बुद्ध्यंक १००.४ आला, वामियाओचा ९२. आपल्याकडेही गुजरातेत २००७ मध्ये अशीच तुलना झाली. लिटरमागे सुमारे ५.५ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेल्या गावातल्या मुलांची सरासरी ९१.७, आणि सुमारे २ मिलिग्रॅमच्या ठिकाणी १०४.४. यातले 'कमी' फ्लोराइडचे ठिकाणसुद्धा आपल्या मर्यादेच्या बाहेरचे होते, हे ध्यानात घ्यावे.

२०१२ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी अशा २७ अभ्यासांची एकत्र बेरीज मांडली. त्यांतले २५ चीनमधले आणि २ इराणमधले होते. जास्त फ्लोराइडच्या भागातली मुले सरासरीने सुमारे सात गुणांनी मागे दिसत होती.

आकडे चाळून पाहू

आता वैज्ञानिकाला दुसरी बाजूही मांडावी लागते. दोन गावांत फरक केवळ फ्लोराइडचाच असतो का? एक गाव रस्त्यापासून दूर असेल, तिथे शाळा उशिरा आली असेल. आहारात आयोडीन कमी असेल, मुलींमध्ये आणि मातांमध्ये रक्तक्षय असेल. मेक्सिकोत काही गावांच्या पाण्यात फ्लोराइडच्या जोडीला आर्सेनिकही भरपूर आढळले, आणि आर्सेनिकही मेंदूला घातक आहे. मग दोष कोणाच्या माथी मारायचा? वामियाओच्या संशोधकांनी मुलांच्या लघवीतले आयोडीन आणि रक्तातले शिसेही तपासले होते, म्हणून तो अभ्यास इतरांपेक्षा वजनदार. पण जुन्या अभ्यासांपैकी अनेकांत एवढी काळजी घेतलेली नव्हती. शिवाय मुलांची चाचणी आणि पाण्याची तपासणी एकाच वेळी झाली, तर त्या मुलाने पहिल्या दोन वर्षांत कोणते पाणी प्यायले हे कळत नाही.

या अडचणीवर उपाय म्हणजे गर्भारपणापासून मागोवा घेणे. मेक्सिको सिटीतल्या अशा एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. आईच्या लघवीतले फ्लोराइड लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमने जास्त असेल, तर ६ ते १२ वर्षांच्या वयात मुलाचा बुद्ध्यंक सरासरीने २.५ गुणांनी कमी होता. २०१९ मध्ये कॅनडातल्या अभ्यासात असा संबंध मुलग्यांमध्ये दिसला, मुलींमध्ये दिसला नाही. उलट न्यूझीलंडमधल्या डुनेडिन शहरात जन्मापासून अडतिसाव्या वर्षापर्यंत मागोवा घेतलेल्या गटात (२०१५) आणि डेन्मार्कमधल्या ओडेन्सच्या मुलांत (२०२३) असा संबंध आढळला नाही. स्पेनमधल्या एका अभ्यासात (२०२२) तर मुलग्यांच्या बाबतीत उलटा कल दिसला. थोडक्यात, फ्लोराइडचे प्रमाण कमी असते तिथे पुरावा एका दिशेने बोलत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने हा सगळा पुरावा तपासून निष्कर्ष दिला. पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड असेल, तर त्याचा मुलांच्या कमी बुद्ध्यंकाशी संबंध आहे, असे मध्यम खात्रीने म्हणता येते. अमेरिकेत पाण्यात मिसळण्यासाठी २०१५ पासून शिफारस असलेल्या ०.७ मिलिग्रॅम या प्रमाणाबद्दल मात्र काही ठरवण्याइतकी माहिती नाही. जानेवारी २०२५ मध्ये याच गटाच्या संशोधकांनी ७४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांतल्या ५२ अभ्यासांत चुकीला बराच वाव असल्याचे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. या निष्कर्षांवर अमेरिकेत मोठा वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि २०२५ मध्ये युटा आणि फ्लोरिडा या राज्यांनी पाण्यात फ्लोराइड मिसळण्यावर बंदी घातली.

फ्लोराइड मेंदूवर नेमका कसा परिणाम करत असेल? ते वारेतून गर्भापर्यंत पोचते, हे ठाऊक आहे. थायरॉईड ग्रंथीच्या कामात ते व्यत्यय आणत असावे, अशी एक शक्यता मांडली जाते. गेल्या शतकाच्या मध्यात, या ग्रंथीचे काम प्रमाणाबाहेर वाढलेल्या काही रुग्णांना ते काम मंदावण्यासाठी फ्लोराइड दिले जात असे. गर्भाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉईडवर अवलंबून असते. प्राण्यांवरचे प्रयोग सूचक आहेत, पण त्यांतले बरेचसे फार मोठ्या मात्रेचे. साखळीच्या सगळ्या कड्या अजून जुळलेल्या नाहीत.

दीड मिलिग्रॅमची रेघ

आपल्या पेपरांत हा वाद आला तो अमेरिकेचा वाद म्हणून. पाण्यात फ्लोराइड घालावे की घालू नये? आपल्यापुढे हा प्रश्नच नाही. आपल्याकडे ते कोणी घालत नाही, ते खडकातून आपोआप येते, आणि ते काढायचे कसे हा आपला प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे १.५ मिलिग्रॅम आहे. भारतीय मानकात १ मिलिग्रॅम हे योग्य प्रमाण, आणि दुसरा स्रोत नसेल तरच १.५ पर्यंत चालवून घ्यायचे. अमेरिकेतला वाद या रेघेच्या खालच्या बाजूचा आहे, तर आपल्याकडे फ्लोराइडने त्रस्त गावे या रेघेच्या वरच्या बाजूला आहेत. जिथे पुरावा जास्त ठाम आहे ती बाजू आपली आहे. ०.७ च्या वादात 'अजून काही नक्की नाही' हे वाक्य ऐकून आपण ३ किंवा ५ मिलिग्रॅमच्या गावाबद्दलही निर्धास्त झालो, तर ती मोठी फसवणूक ठरेल.

आणखी एक गोष्ट. रेघ प्रमाणाची असते, शरीरात जाते ती मात्रा. दिवसाला एक लिटर पाणी पिणाऱ्या मुलाला १.५ मिलिग्रॅमच्या पाण्यातून दीड मिलिग्रॅम फ्लोराइड मिळते. विदर्भाच्या मे महिन्यात तेच मूल दोन लिटर पिते, तेव्हा ते तीन मिलिग्रॅम होते. हा साधा गुणाकार अमेरिकेच्या १९६२ च्या मानकातही होता. उष्ण हवेच्या गावांसाठी तिथे कमी प्रमाण ठरवलेले होते. वर्गात हे गणित अवश्य करून घ्यावे.

गुरुजींना उत्तर

आता गुरुजींच्या दोन प्रश्नांकडे वळू. वामियाओ आणि शिन्हुआईचे आकडे पुन्हा घेऊ. दोन्हीकडे गुणांचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, सुमारे १३ होता. गुण घंटेच्या आकाराच्या वक्रात पसरलेले आहेत असे धरून गणित केले, तर वामियाओतली साधारण चारांतली एक मुले शिन्हुआईच्या सरासरीहून वरच्या गुणांची निघतात. म्हणजे केवळ गाव कोणते किंवा दात कसे, यावरून एका मुलाबद्दल काहीही सांगता येत नाही. आता त्याच वक्राचे खालचे टोक पाहा. ७० हून कमी गुणांची मुले शिन्हुआईत शंभरात एखादे, तर वामियाओत चार-पाच येतील. सरासरी आठ गुणांनी सरकली, की ज्यांना शिकण्यासाठी खास मदत लागते अशा मुलांची संख्या चौपट होते. एकाच आकडेवारीतून ही दोन्ही विधाने निघतात, आणि दोन्ही खरी आहेत.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे. हो, रेघेच्या वरच्या पाण्याचा मुलांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होत असावा, असे मानण्याइतका पुरावा आज आहे, आणि पाणी बदलायला तो पुरेसा आहे. ओकलीच्या लोकांनी कारण कळण्याआधी नळ बदलला होता. आपल्याला तर दात आणि हाडे यांच्यापुरते कारण केव्हाच कळलेले आहे, मेंदूबद्दलचा शेवटचा पुरावा यायची वाट कशाला पाहायची?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. डागाळलेल्या दातांचा मुलगा गणितात मागे असेल, तर त्याची कारणे गणितातच शोधावी. बेरीज कुठे अडते, वजाबाकीत हातचा का चुकतो, सकाळी जेवून येतो का, डोळ्यांनी फळा नीट दिसतो का. दातावरचा डाग ही एका जुन्या वहीतली नोंद आहे. पुढच्या कायमच्या दातांचे कवच जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत घडते. त्या काळात मुलाने कोणते पाणी प्यायले एवढेच ती नोंद सांगते. मुलाची अक्कल त्यात लिहिलेली नसते. 'याच्या डोक्यातच पाणी गेलंय' असे एकदा शिक्षकाच्या मनाने घेतले, तर फ्लोराइडने केले नसेल तेवढे नुकसान त्या मुलाचे होईल. अशी मुले हसताना तोंडावर हात धरतात, हे आपण पाहिले असेल. त्या हाताला आपण आणखी कारण देऊ नये.

मात्र वर्गाच्या वर्गात असे दात दिसले तर ती शाळेसाठी धोक्याची घंटा आहे, आणि ती सर्वांत आधी ऐकू येते ती शिक्षकाला. डॉक्टर गावात कधीतरी येतो, शिक्षक मुलांचे दात रोज पाहतो. गावातला प्रत्येक हातपंप आणि विहीर यांचे पाणी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना ही तपासणी पाहायला मिळाली तर उत्तम. झिर्कोनियम आणि अलिझरिन यांचे लालसर द्रावण फ्लोराइड मिळताच पिवळट होत जाते, कारण फ्लोराइड त्यातले झिर्कोनियम पळवून नेते. एकाच गावात एक पंप चांगला आणि शंभर पावलांवरचा वाईट, असेही निघते. वाईट पंपाला लाल रंग द्यावा. त्याचे पाणी धुण्याला, भांड्यांना चालेल, पिण्याला आणि स्वयंपाकाला नको. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते, हे घरोघरी सांगायला हवे. छपरावरचे पावसाचे पाणी साठवले तर त्यात फ्लोराइड नसल्यासारखेच असते.

आणि चांगले पाणी आधी कोणाला द्यायचे असा प्रश्न आला, तर गर्भवतीला आणि तान्ह्या मुलाच्या घरी द्यावे. आईच्या दुधात फ्लोराइड अगदी नगण्य उतरते. वरच्या दुधात विंधनविहिरीचे पाणी मिसळले, की ते सगळे बाळाच्या पोटात जाते. शाळेतली मुले घरी हा निरोप नेऊ शकतात, कारण पुढचे भावंड बहुधा त्यांच्याच घरात येणार असते.

त्या हातपंपाचा नमुना मर्यादेबाहेरचा निघाला. निकाल पाठवताना आम्ही त्यासोबत गुरुजींना एक पत्र लिहिले. या लेखात सांगितले तेच थोडक्यात त्यात होते, आणि शेवटी एवढेच, की पंप बदला, मुलांना बदलू नका.